ऑक्सिजन सेन्सर बदलण्याआधी: चोर कोण, संन्यासी कोण?

चेक लाइट लागला, मिस्त्रीनं स्कॅनर जोडला, पडद्यावर ऑक्सिजन सेन्सरचं नाव आलं आणि निकाल लागला: "साहेब, सेन्सर गेलाय." माझ्या २०१३ सालच्या पेट्रोल हॅचबॅकचं अगदी असंच झालं. नवा सेन्सर बसला, काही हजार गेले, दहा दिवस गाडी शहाण्यासारखी वागली. मग जुलैतली पहिली झड आली आणि तोच पिवळा दिवा, तोच कोड. काढलेला जुना सेन्सर मी डिकीत टाकून ठेवला होता. पुढं तो परत बसवला, आणि आजही तोच चालतोय. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ते हेच.

हा लेख त्या फाशीच्या आधीच्या चौकशीचा आहे. लागेल ते सामान घरचंच: एक डिजिटल मल्टिमीटर, ब्लूटूथचा स्वस्तातला ओबीडी अडॅप्टर (गाडीच्या तपासणीच्या सॉकेटमध्ये खोचायचा), मोबाइलवर एक अ‍ॅप आणि शेजारी बसून आकडे वाचणारं एक माणूस.

सेन्सरला काय दिसतं

सगळ्यात आधी डोक्यातला एक गैरसमज काढून टाका. हा सेन्सर पेट्रोल मोजत नाही. सायलेन्सरकडे निघालेल्या धुरात ऑक्सिजन किती उरलाय, एवढंच त्याला कळतं. आत झिर्कोनियाची एक छोटी पोकळ टोपी असते, शिवणकामातल्या अंगुस्तानासारखी. टोपीच्या बाहेरच्या अंगाला धूर लागतो, आतल्या अंगाला बाहेरची स्वच्छ हवा. दोन्हीकडच्या ऑक्सिजनमध्ये जेवढी तफावत, तेवढं व्होल्टेज. मिश्रणात पेट्रोल जास्त झालं, म्हणजे गाडी रिच झाली, की ०.८ ते ०.९ व्होल्ट. हवा जास्त झाली, लीन झाली, की ०.१ ते ०.२. मधली रेघ ०.४५ ची. टोपी तीनशे अंशांच्या वर तापल्याशिवाय यातलं काहीच होत नाही, म्हणून आत एक हीटर बसवलेला असतो. बॉशनं १९७६ मध्ये व्होल्व्होच्या कॅलिफोर्नियात विकायच्या गाड्यांसाठी हा सेन्सर पहिल्यांदा कारखान्यातून काढला. त्याला हीटर नव्हता, तो धुराच्याच उष्णतेवर तापायचा. मूळ तत्त्व तेव्हापासून तेच आहे.

आता याचा परिणाम बघा. एक प्लग मिसिंग मारतोय. त्या सिलिंडरमधलं पेट्रोल जळलं नाही, म्हणजे त्याच्या वाट्याचा ऑक्सिजनही वापरला गेला नाही. तो तसाच बाहेर आला. सेन्सर म्हणतो, "ऑक्सिजन फार आहे, लीन आहे." ईसीयू, म्हणजे इंजिन चालवणारा संगणक, त्यावर विश्वास ठेवून सगळ्याच सिलिंडरना जास्त पेट्रोल देतो. अ‍ॅव्हरेज पडतं, नळकांड्याचं तोंड काळं होतं, पेट्रोलचा वास येतो. सेन्सर खोटं बोलला का? नाही. त्याला जे दिसलं ते त्यानं सांगितलं. धूर बाहेर नेणाऱ्या एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या गॅस्केटमधून हवा आत ओढली जात असेल तरी तेच. म्हणून पुढची सगळी तपासणी एकाच प्रश्नाभोवती फिरते: सेन्सर खरं सांगतोय की खोटं? त्याचं उत्तर मिळवायची रीत सोपी आहे. मिश्रण कसं आहे हे आपल्याला पक्कं माहीत असेल अशा परिस्थितीत गाडी न्यायची आणि तेव्हा सेन्सर काय म्हणतो ते बघायचं.

कोड नीट वाचा

कोड दोन जातींचे असतात आणि इथंच निम्मे पैसे वाया जातात. पी०१३० ते पी०१३५ हे पुढच्या, म्हणजे धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या आधीच्या, सेन्सरच्या सर्किटबद्दलचे. त्यातला पी०१३१ म्हणजे व्होल्टेज फार कमी, पी०१३२ फार जास्त, पी०१३३ म्हणजे सेन्सर सुस्त, पी०१३४ म्हणजे काही हालचालच नाही, आणि पी०१३५ हीटरचा. मागच्या सेन्सरचे पी०१३६ पासून पुढं, त्याच्या हीटरचा पी०१४१. "सर्किट" या शब्दाकडे लक्ष द्या. त्यात सेन्सर येतो, तसाच कनेक्टर, तार, फ्यूज आणि ईसीयूचा पिनही येतो.

दुसरी जात पी०१७१ आणि पी०१७२ ची. सिस्टिम लीन, सिस्टिम रिच. हे कोड सेन्सरवरचा आरोप नाहीत, ती सेन्सरनं केलेली तक्रार आहे. पी०१७१ बघून सेन्सर बदलणं म्हणजे ताप आला म्हणून थर्मामीटर बदलणं. पी०४२० कॅटॅलिटिक कन्व्हर्टरचा. तोही मागच्या सेन्सरच्या तोंडून येतो.

बँक १ सेन्सर १ म्हणजे कन्व्हर्टरच्या आधीचा, सेन्सर २ म्हणजे नंतरचा. आपल्याकडच्या तीन-चार सिलिंडरच्या गाड्यांना बँक, म्हणजे सिलिंडरची रांग, एकच. तरीही पुढच्याचा कोड आणि बदलला मागचा, असं घडलेलं मी पाहिलंय, कारण मागचा खालून चटकन हाताला लागतो.

कोड पुसायच्या आधी फ्रीझ फ्रेमचा फोटो काढून ठेवा. कोड पडला तेव्हा इंजिन किती गरम होतं, वेग किती, लोड किती हे त्यात असतं. थंड इंजिनवर पडलेला कोड आणि शंभरच्या वेगात पडलेला कोड यांची कारणं सहसा वेगळी निघतात.

थंड इंजिनवरची तपासणी

गाडी रात्रभर उभी असेल तेव्हा बॉनेट उघडा. आधी फक्त डोळे वापरा. सेन्सरच्या तारेला मॅनिफोल्ड टेकून भाजलंय का, उंदरानं कुरतडलंय का, कनेक्टरचं लॉक तुटून तो अर्धवट बसलाय का. सोसायटीच्या पार्किंगमधल्या गाड्यांना उंदरांचा उपद्रव किती असतो ते वेगळं सांगायला नको. मॅनिफोल्डच्या जोडापाशी काळी काजळी फुटून आल्यासारखी दिसली तर तिथं गळती आहे. इंजिन सुरू केल्यावर पहिल्या मिनिटात, लोखंड तापून फुगायच्या आधी, तिथं टिक-टिक आवाजही येतो. ही गळती बुजवल्याशिवाय पुढचं मोजमाप करण्यात अर्थ नाही.

मग हीटर. कनेक्टर सोडा. चार तारांच्या सेन्सरला एकाच रंगाच्या दोन तारा असतात, त्या हीटरच्या. बॉश पद्धतीत दोन पांढऱ्या हीटरच्या, काळी सिग्नलची, करडी सिग्नलच्या अर्थची (अर्थिंगची). डेन्सोच्या पुष्कळ सेन्सरना हीटरच्या दोन काळ्या, सिग्नल निळा आणि अर्थ पांढरा. म्हणून "काळी म्हणजे सिग्नल" असं पाठ करून ठेवू नका, जोडी शोधा. सेन्सरच्या बाजूला त्या जोडीवर मीटर ओहममध्ये लावा. मॉडेलप्रमाणे साधारण ३ ते १५ ओहम यायला हवं. मीटर अनंत दाखवत असेल तर हीटर तुटलाय आणि सेन्सर बदलणं रास्त आहे. चौकशी इथंच संपली. मात्र सिग्नलच्या तारांवर ओहम कधीही मोजू नका. मीटर त्यासाठी स्वतःचा करंट आत सोडतं, आणि ते या नाजूक टोपीला मानवत नाही. सिग्नलला बारा व्होल्ट लावून बघणं तर विसराच.

हीटर शाबूत आणि कोड मात्र हीटरचा असेल तर गाडीच्या बाजूच्या कनेक्टरकडे या. इंजिन सुरू करून हीटरच्या तारेवर बॅटरीइतकं व्होल्टेज येतंय का बघा. नसेल तर फ्यूज. इथं मीटरपेक्षा छोट्या बल्बचा टेस्ट लॅम्प बरा, आणि तो हीटरच्या दोन्ही पिनांमध्ये लावा. मीटरला करंट जवळजवळ लागतच नाही, त्यामुळं एका केसावर लोंबकळणारी तारही मीटरला बारा व्होल्ट दाखवते. बल्ब लावला की खरं खोटं कळतं. काही ईसीयू हीटरची अर्थ तुकड्यातुकड्यानं देतात, तेव्हा बल्ब लुकलुकेल; ते ठीक आहे.

सेन्सर काढून ठेवून सेन्सरची परीक्षा

माझ्या गाडीचं कोडं या एका चाचणीनं सुटलं, म्हणून तिच्याबद्दल जरा सविस्तर.

कनेक्टर सोडलेलाच ठेवा. चावी ऑन, इंजिन बंद. मोबाइलच्या अ‍ॅपवर पुढच्या सेन्सरचं व्होल्टेज बघा. बऱ्याच ईसीयू सिग्नलच्या तारेवर स्वतःहून सुमारे ०.४५ व्होल्ट ठेवतात, म्हणजे सेन्सर जोडलेला नसताना आकडा मधल्या रेघेवर स्थिर दिसतो. काही गाड्यांत शून्य दिसतं. तुमच्या गाडीचं काय ते सर्व्हिस मॅन्युअलमध्ये किंवा तसल्याच दुसऱ्या गाडीवर बघून घ्या. आता गाडीच्या बाजूची सिग्नलची पिन एका तारेनं इंजिनच्या अर्थला टेकवा. आकडा शून्यावर आला पाहिजे, सोडल्यावर परत ०.४५ वर. असं झालं तर तार आणि ईसीयू दोन्ही निर्दोष.

माझ्या गाडीत ०.४५ यायला हवे होते. आले ०.०८. सेन्सर सर्किटमध्ये नाहीच, आणि तरीही ईसीयूला व्होल्टेज कमी दिसतंय! मग वायरिंगचा जुडगा मी एका हातानं थोडा थोडा हलवत गेलो आणि दुसऱ्या हातात मोबाइल. बॅटरीच्या ट्रेपाशी आलो तसा आकडा ०.०८ वरून ०.४ वर उडाला आणि परत खाली पडला. टेप सोडली. दोन वर्षांपूर्वी सीएनजी किट बसवताना कुणीतरी सिग्नलची तार मध्येच सोलून, तिला किटची एक तार नुसती पिळून जोडली होती आणि वर काळी टेप गुंडाळली होती. टेपचा डिंक उन्हाळ्यात वितळला, पावसाळ्यात आत पाणी शिरलं, तांबं हिरवं पडलं, आणि तो ओला जोड ट्रेच्या लोखंडाला टेकून सिग्नल अर्थला गळत होता. पाऊस पडला की दिवा, ऊन पडलं की दिवा गुल. त्या दहा दिवसांच्या उघडिपीचं श्रेय नव्या सेन्सरनं फुकट खाल्लं.

तुमच्या गाडीला नंतर बसवलेलं सीएनजी किट, रिमोट लॉक किंवा गेज असेल तर आधी ते जोड शोधा. किट बसवणारे सगळेच असं करत नाहीत, पण टेपखाली काय दडलंय ते उघडल्याशिवाय कळत नाही. आणि जोड दुरुस्त करताना एक पथ्य: सेन्सरच्या स्वतःच्या शेपटीच्या तारांना सोल्डर लावू नका आणि कनेक्टरमध्ये ग्रीस भरू नका. टोपीच्या आतली ती स्वच्छ हवा पुष्कळ सेन्सरमध्ये या तारांच्या धाग्यांमधूनच आत जाते. सोल्डर आत ओढला गेला की सेन्सर गुदमरतो आणि हळूहळू खोटं बोलायला लागतो. दाबून बसवायचं क्रिंप आणि वर उष्णतेनं आवळणारी नळी, एवढं पुरे.

गरम इंजिनवर: दोन टोकांना नेऊन बघा

कनेक्टर परत जोडा. गाडी मोकळ्या जागेत आणा. बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवून आकडे बघत बसायचं नाही, त्या धुरात जीव घेणारा कार्बन मोनॉक्साइड असतो. इंजिन पूर्ण गरम होऊ द्या, मग दोन मिनिटं अडीच हजार आरपीएमवर रेस धरा. अ‍ॅपमध्ये फक्त एकच आकडा निवडा: बँक १ सेन्सर १ चं व्होल्टेज. स्वस्त अडॅप्टरला एकाच वेळी दहा आकडे मागितले तर प्रत्येक आकडा उशिरा येतो, आणि धडधाकट सेन्सर सुस्त वाटायला लागतो.

सेन्सर चांगला असेल तर आलेख करवतीच्या दातांसारखा दिसतो: ०.१ ते ०.९ मध्ये सतत वरखाली. ठोकताळा असा, की दहा सेकंदांत निदान आठ वेळा ०.४५ ची रेघ ओलांडली जावी. ०.३ ते ०.६ मध्येच रेंगाळणारा सेन्सर म्हातारा झालाय. ०.४५ वर थिजला असेल तर तो एक तर तापत नाहीये, नाही तर जोडलेलाच नाहीये. तळाला किंवा माथ्याला चिकटून बसला असेल तर घाईनं निकाल देऊ नका, कारण मिश्रणच खरोखर तसं असू शकतं. त्यासाठी पुढची कसोटी.

जुनी पुस्तकं सांगतात, व्हॅक्यूमची नळी काढा म्हणजे गाडी लीन होईल. हे दर वेळी खरं होत नाही. आपल्या बऱ्याच छोट्या गाड्यांमध्ये हवा मोजणारा मीटर नसतो, फक्त हवा आत नेणाऱ्या इनटेक मॅनिफोल्डचा दाब मोजणारा मॅप सेन्सर असतो. नळी काढली की दाब वाढतो, ईसीयू त्या हिशेबानं पेट्रोलही वाढवतो, आयडलिंग चढतं आणि मिश्रण जवळपास होतं तसंच राहतं. त्यापेक्षा घाट बरा. खंबाटकी असो की कात्रज, उतारावर गाडी तिसऱ्या गिअरमध्ये ठेवून अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय पूर्ण काढा. अशा वेळी ईसीयू इंजेक्टर बंदच करतो. इंजिनमधून नुसती हवा जाते. याहून लीन काही असू शकत नाही. सेन्सर एक-दोन सेकंदांत ०.१ च्या खाली गेलाच पाहिजे. मग चढावर, रस्ता मोकळा बघून, दुसऱ्या गिअरमध्ये अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबा. ईसीयू मुद्दाम रिच करतो, सेन्सरनं ०.८ च्या वर जायला हवं. आकडे शेजारच्या माणसानं वाचायचे. चालवणाऱ्याचे डोळे रस्त्यावर.

दोन्ही टोकांना चटकन जाऊन येणारा सेन्सर निर्दोष आहे. मग आयडलिंगला तो लीन म्हणत असेल तर गाडी खरंच लीन आहे. किंवा एक तर मिसिंग होतंय, नाही तर धुराच्या वाटेत गळती आहे. उतारावरही ०.६ च्या खाली न येणारा, किंवा चढावर ०.५ च्या वर न जाणारा सेन्सर मात्र बदला, बिनदिक्कत.

एक सावधगिरी. अलीकडच्या अनेक गाड्यांत कन्व्हर्टरच्या आधी हा साधा सेन्सर नसतोच, रुंद पल्ल्याचा एअर-फ्युएल सेन्सर असतो. त्याला बहुधा पाच तारा असतात, काहींना चार. तो वरखाली नाचत नाही, आणि स्कॅनरवर त्याचा आकडा लॅम्डा (१.०० म्हणजे हवा-पेट्रोलचं प्रमाण अचूक, वर गेला की लीन, खाली आला की रिच) किंवा मिलिअँपिअरमध्ये येतो. १.०० च्या आसपास शांत बसलेली रेघ बघून "सेन्सर मेला" म्हणणारे भेटतात. त्याचा धर्मच तो आहे. घाटाची कसोटी मात्र त्यालाही लागू: उतारावर आकडा एकच्या खूप वर, चढावर ०.९ च्या आसपास. मागच्या सेन्सरचंही तसंच. कन्व्हर्टर धड असेल तर तो ०.६-०.७ वर जवळपास स्थिर असतो. तो पुढच्यासारखा नाचू लागला तर त्रास कन्व्हर्टरचा आहे.

ट्रिम: ईसीयूची उधारीची वही

सेन्सर खरा ठरला की मग तो काय सांगतोय ते ऐकायचं. अ‍ॅपमध्ये शॉर्ट टर्म आणि लाँग टर्म फ्युएल ट्रिम बघा, म्हणजे ईसीयूनं पेट्रोलच्या हिशेबात केलेली तात्पुरती आणि साठवून ठेवलेली दुरुस्ती. अधिक म्हणजे ईसीयूला ठरल्यापेक्षा पेट्रोल जास्त द्यावं लागतंय, उणे म्हणजे कमी. दोन्हींची बेरीज दहा टक्क्यांच्या आत असेल तर काळजी नको. आयडलिंगला +१८ आणि अडीच हजारावर +४ असेल तर कुठून तरी चोरटी हवा येतेय, कारण थोड्या हवेतच ती चोरी मोठी वाटते. उलट आयडलिंगला ठीक आणि चढावर वाढत जात असेल तर पंप, फिल्टर, इंजेक्टर यांच्याकडे बघा. दोन्हीकडे उणे असेल तर इंजेक्टर टपकतोय, किंवा टाकीतली वाफ शोषणारा पर्ज व्हॉल्व्ह उघडाच राहिलाय.

इथं ई२० चा, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलचा, हिशेब धरायला हवा. इथेनॉल स्वतःबरोबर ऑक्सिजन घेऊन येतं. एक किलो निव्वळ पेट्रोलला १४.७ किलो हवा लागते, तर ई२० ला साधारण १३.५. म्हणजे बिनइथेनॉलच्या पेट्रोलवर लावलेल्या जुन्या गाडीत ट्रिम सात-आठ टक्क्यांनी वर सरकणार, ई१० वर लावलेल्या गाडीत चारेक टक्क्यांनी. हा बिघाड नाही. पण आधीच +१५ वर चाललेल्या गाडीला तेवढंच निमित्त पुरतं आणि दिवा लागतो.

सीएनजीवाल्यांनी हे आकडे दोन्ही इंधनांवर वेगवेगळे घ्या. सिक्वेन्शियल किट पेट्रोल इंजेक्टरच्या वेळेवरूनच गॅसची वेळ काढतं. गॅसचं ट्यूनिंग चुकलं असेल तर पुष्कळ गाड्यांत ईसीयू ती चूक आपल्या लाँग टर्म ट्रिममध्ये लिहून ठेवतो आणि पेट्रोलवर आल्यावर गाडी झटके मारते. अशा गाडीला नवा सेन्सर घालून काही होत नाही. लॅपटॉप लावून गॅसचा मॅप (किती गॅस द्यायचा त्याचा तक्ता) नीट करून घ्यावा लागतो.

डॅशबोर्डवरचं एअर-फ्युएल गेज

हवा-पेट्रोलचं प्रमाण दाखवणारी गेज दोन प्रकारची मिळतात. पहिलं रंगीत दिव्यांचं, गाडीच्या मूळ सेन्सरच्या तारेवर जोडायचं. त्यातले दिवे आयडलिंगला इकडून तिकडे पळत असतात आणि लोकांना वाटतं ते बिघडलंय. खरं तर पळणं हीच तब्येत. गरम इंजिनवर स्थिर राहिलं तर शंका घ्यायची. पण या गेजचा उपयोग शोभेपलीकडे फारसा नाही. हवा-पेट्रोलच्या १२.५ आणि १३.५ या प्रमाणांमधला फरक मूळ सेन्सरलाच नीट कळत नाही, तर गेजला कुठून कळणार? शिवाय तो आणखी एक जोड मूळ तारेवर. माझं ऐकाल तर काढून टाका.

दुसरं वाइडबँड गेज, स्वतःच्या रुंद पल्ल्याच्या सेन्सरसह येणारं. त्यात बहुतेक वेळा बॉशचा एलएसयू ४.२ किंवा ४.९ असतो. हे दोन एकमेकांच्या जागी चालत नाहीत. ४.२ वाल्या बऱ्याच गेजना सेन्सर मोकळ्या हवेत धरून कॅलिब्रेट करावं लागतं. ते न करता बसवलं की आकडा पहिल्या दिवसापासून वाकडा. आणि तार पुरत नाही म्हणून कनेक्टर कापून जोडण्याचा मोह टाळा. त्या कनेक्टरच्या आत कारखान्यात त्याच सेन्सरसाठी जुळवलेला एक रेझिस्टर असतो. कनेक्टर फेकला की जुळवणी गेली. तार कमी पडली तर एक्स्टेन्शन घ्या.

गेजचा खरेपणा तपासायला दुसरा साक्षीदार गाडीतच आहे. गरम इंजिन, आयडलिंग, मूळ सेन्सर ०.४५ च्या वरखाली नाचतोय: म्हणजे मिश्रण सरासरीनं लॅम्डा १.०० वर आहे. पेट्रोलच्या स्केलवर गेजनं तेव्हा १४.७ च्या आसपास असायला हवं. ते १३.२ वर ठाम असेल तर गेजचा सेन्सर गेलाय किंवा कॅलिब्रेशन चुकलंय. १६ च्या पुढं असेल तर दोन सेन्सरच्या मधल्या जोडातून हवा शिरतेय. नळकांड्याच्या टोकाला अडकवलेल्या सेन्सरला तर आयडलिंगला बाहेरचीच हवा लागते. उतारावर पाय काढल्यावर गेजनं लीनचं टोक गाठावं.

१४.७ या आकड्यानं मात्र फसगत होते. सेन्सरला आकडा कळतो तो लॅम्डाचा. गेज त्याला १४.७ नं गुणून दाखवतं. टाकीत ई२० असो की सीएनजी, मिश्रण अचूक असेल तर गेजवर १४.७ च येणार, जरी खरं प्रमाण ई२० ला १३.५ आणि सीएनजीतल्या मिथेनला १७.२ असलं तरी. "सीएनजीवर १७ दिसत नाही, गेज खराब आहे" असं म्हणत एक जण गेज परत करायला निघाला होता. सेटिंगमध्ये जाऊन सरळ लॅम्डा निवडा, डोक्याला ताप नाही.

माझ्या मावसभावाला ट्यूनिंगचा नाद. त्याच्या गेजवर १४.७ आणि लॅपटॉपच्या लॉगमध्ये १५.२. हेडलाइट आणि पंखा लावला की फरक वाढे. त्याच्या गेजची आउटपुट तार ० ते ५ व्होल्टमध्ये १० ते २० प्रमाण दाखवणारी, म्हणजे एका व्होल्टला दोन. अर्ध्या अंकाचा फरक म्हणजे पाव व्होल्ट कुठंतरी अडकतोय. मल्टिमीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हवर, दुसरं गेजच्या अर्थवर, सगळे दिवे चालू: ०.२४ व्होल्ट! गेजची अर्थ त्यानं डॅशबोर्डखालच्या रंग लावलेल्या पट्टीच्या बोल्टवर दिली होती. हीटरचा सगळा करंट त्या रंगातून वाट काढत होता. अर्थ ईसीयूच्या अर्थ-बिंदूवर नेली आणि दोन्ही आकडे जुळले. तोवर त्यानं १५.२ खरं मानून मॅपमध्ये पेट्रोल वाढवलेलं होतं, ते उपसायला आणखी एक रविवार गेला.

वाइडबँडचा सेन्सर पाइपमध्ये आडवा किंवा खालून बसवू नका. घड्याळातल्या दहा ते दोनच्या मध्ये, टोक खाली करून. नाही तर सकाळचं धुरातलं पाणी तापलेल्या सिरॅमिकवर जाऊन ते तडकतं. गेज बंद करून सेन्सर पाइपमध्ये ठेवून गाडी चालवणंही वाईट: न तापलेल्या सेन्सरवर काजळी बसत जाते.

बदलायचाच ठरला तर

इंजिन कोमट असताना काढा. गार लोखंड आवळून बसतं, गरम हात भाजतं. आदल्या रात्री आट्यांवर गंज सोडवणारं तेल मारा. पाना २२ चा, आणि तार जायला फट असलेला सेन्सर सॉकेट मिळाला तर उत्तम. पुण्यात नाना पेठेत मिळतो. निघालेल्या सेन्सरचं टोक बघा. काळी काजळी असेल तर गाडी रिच होती. पांढरी पूड असेल तर कुणीतरी गॅस्केटला चुकीचा सिलिकॉन फासलाय किंवा कूलंट सिलिंडरमध्ये जातंय, आणि ते कारण तसंच ठेवलं तर नवाही मरेल. तपकिरी थर ऑइल जळण्याचा.

नव्याच्या आट्यांना कंपनीनं वंगण लावलेलं असतं. वरून काही फासू नका, टोकाला हात लावू नका, हातातून पडला तर बसवू नका. सुरुवात हातानं फिरवून, मग ४० ते ५० न्यूटन मीटर. तार मूळ क्लिपांमध्ये परत अडकवा. कोड आणि ट्रिम पुसा, तीस-चाळीस किलोमीटर शहर आणि हायवे दोन्ही चालवा, आणि मग आकडे परत घ्या. पीयूसीची वेळ आली असेल तर तिथली पावतीही कामाची असते: बीएस४ पासूनच्या पेट्रोल गाडीला आयडलिंगला कार्बन मोनॉक्साइड ०.३ टक्के आणि हायड्रोकार्बन २०० पीपीएमच्या आत हवा.

माझ्या गाडीत जोड दुरुस्त करून, जुना सेन्सर परत बसवून ट्रिम पुसल्यानंतर तिसऱ्या दिवशी लाँग टर्म +३ वर येऊन थांबला. नवा सेन्सर आता डिकीत असतो.